पुढची दहा वर्षं: स्पीच थेरपिस्ट वाढवायचे की असिस्टंट?

रानपाखरू (धागाकर्ती)

बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची डिग्री) करून बरीच वर्षं जिल्हा पातळीवर काम करतेय. आमच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या 'व्यवसायाचं भवितव्य' यावर रोज काथ्याकूट चाललाय आणि बहुतेकांचं उत्तर एकच: कॉलेजं वाढवा. मला ते पटत नाही.

म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था 1965ची, वांद्र्याची अली यावर जंग श्रवण संस्था 1983ची. इतकी वर्षं आपण माणसं घडवतोय. तरी बेरा (ऐकू येतं का ते मोजणारी चाचणी) झाली, कानाचं मशीन लागलं, आता पुढे काय, असं किनवटच्या आईनं विचारलं तर सांगायचं काय? डिग्रीवाला पुण्यात राहतो, नाहीतर हिअरिंग एड कंपनीत जातो. पगार बघता त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. 2013 साली आरबीएसके (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) आलं, जिल्ह्याला डीईआयसी (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) आलं, पण तिथे ऑडिओलॉजिस्ट कम स्पीच थेरपिस्ट अशी एकच जागा, तीही कंत्राटी. तो 'कम' फार महागात पडतो. सकाळभर कान तपासायचे आणि दुपारी त्याच माणसानं मुलं बोलती करायची.

बारावीनंतरचा एक वर्षाचा डीएचएलएस (श्रवण, भाषा, वाचा) डिप्लोमा आहेच. त्या मुला-मुलींना तालुक्याला बसवा. तपासणी, निदान, उद्दिष्टं डिग्रीवाल्याकडे, रोजचा सराव त्यांच्याकडे, दर आठवड्याला व्हिडिओवर आढावा. पुढच्या दहा वर्षांचा आराखडा इथून सुरू व्हावा असं मला वाटतं. बोला.

निळी शाई

पूर्ण असहमत. गल्लोगल्ली 'स्पीच थेरपी सेंटर'चे बोर्ड आधीच कमी आहेत का? 1992च्या आरसीआय (आपली नोंदणी ठेवणारी भारतीय पुनर्वास परिषद) कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! दोन-चार सेशनमध्ये वसूल. तुम्ही तालुक्याला बसवलेली मुलगी पुढे स्वतःचा बोर्ड लावणार आणि तिला कोणीही अडवणार नाही.

आणि 'सराव' नि 'उपचार' यांतली रेघ कागदावरच दिसते. साडेचार वर्षांचं मूल 'काळा'ला 'काला' म्हणतं आणि 'काका'ला 'ताता'. 'ळ'साठी थांबता येतं. 'क'चा 'त' होतोय तिथे थांबायचं नाही. घरच्यांना मात्र 'ळ'च टोचतो, कारण तो पाहुण्यांसमोर ऐकू येतो. असिस्टंट घरच्यांचं ऐकून सहा महिने 'बाळ, फळ, केळं' घोकून घेईल.

साळुंकीची आई

ताई, तुमचा मुद्दा कळला. आता आमची बाजू ऐका. लेकीला ऑपरेशन करून कॉक्लिअर (ऐकण्याचं यंत्र) बसवलंय. थेरपीसाठी एसटीनं शहरात जायचं, सेशन पाऊण तासाचं, अख्खा दिवस त्यात जातो, रोजगार बुडतो तो वेगळा. घरी करायचं म्हणून कागद दिला तो इंग्रजीत. चित्रांच्या कार्डात पेंग्विन आणि स्ट्रॉबेरी. आमच्याकडे शेळी आहे, विळा आहे, ज्वारीचं कणीस आहे, त्याचं एक कार्ड नाही. गावातलीच शिकलेली पोरगी असती तर तिनं हे पहिल्या दिवशी ओळखलं असतं. तिच्या हातून 'ळ' आधी झाला असता तरी चाललं असतं.

निळी शाई

कार्डांबद्दल शंभर टक्के मान्य. ती मराठीत करणं हे मात्र आमचं काम आहे, असिस्टंटचं नाही, आणि ते आम्ही केलेलं नाही हेही खरं.

वॉर्ड नंबर सात

अख्खा धागा लहान मुलांवर. पक्षाघाताचे पेशंट, तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं झालेले यांचं काय? तंबाखू-माव्याच्या या राज्यात आमचा निम्मा दिवस गिळणं तपासण्यात जातो. जीभ कापलेल्या माणसाला पाणी पाजताना ते श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतोच असं नाही. गपगुमान आत जातं आणि मग न्यूमोनिया. नाकातली नळी कधी काढायची हा निर्णय एक वर्षाच्या डिप्लोमावर? मी तरी सही करणार नाही.

दुसरं, आपण राहतो कुठे तेच आधी ठरवा. 2021च्या, आरोग्य खात्याच्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात फिजिओ गेले, ऑक्युपेशनल थेरपी गेली. आपली नोंदणी अजून आरसीआयकडे, म्हणजे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या छत्राखाली. काम रुग्णालयात आणि खातं दुसरीकडे. पदनिर्मितीची फाईल कोणाच्या टेबलावर जायची?

यारा नदीकाठी

मेलबर्नहून. इथल्या स्पीच पॅथॉलॉजिस्टच्या (म्हणजे आपल्याकडचे स्पीच थेरपिस्ट) संघटनेनं 2016मध्ये व्यवसायाचं 2030 सालचं चित्र मांडून ठेवलं होतं. असिस्टंट इथे सर्रास आहेत, आणि गंमत म्हणजे स्पीच पॅथॉलॉजिस्टची नोंदणी सरकारी मंडळाकडे नाही, संघटनाच प्रमाणपत्र देते. व्यवसाय बुडाला वगैरे नाही. पण खरी उलथापालथ केली एनडीआयएस या सरकारी योजनेनं. अपंगत्वासाठीचा सरकारी निधी माणसाच्या नावे आला तसे थेरपिस्ट खाजगीकडे वळले. पैसा कोणाच्या हातात आहे ते सोडून आराखडे लिहू नका, एवढंच.

रानपाखरू

@वॉर्ड नंबर सात, गिळण्याचं बिनशर्त मान्य. तिथे असिस्टंट नको.

@निळी शाई, मुलांच्या बाबतीत मी हटणार नाही. असिस्टंटची नोंदणी एका ठरावीक सुपरवायझरशी बांधा. त्याची सही नाही तर नूतनीकरण नाही. बोर्ड लावला की दोघांचीही नोंदणी धोक्यात.

निळी शाई

आणि ती सही करणारा कोण? डीईआयसीतला, अकरा महिन्यांच्या करारावरचा. करार संपला की तो गेला, त्याच्या सहीवरच्या पाच तालुक्यांच्या मुली अधांतरी. आधी जिल्ह्याला दोन कायम जागा करा, कानाची वेगळी, वाचेची वेगळी. मग डिप्लोमाला मी स्वतः शिकवायला येते.

रानपाखरू

कायम जागा निघेपर्यंत आज दोन वर्षांचं असलेलं मूल चौथीत जाईल. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात टाकू. मसुदा रविवारी इथेच डकवते. सुपरवायझरच्या मानधनाचं कलम तुम्ही लिहा, माझ्यापेक्षा खडूस लिहाल.

साळुंकीची आई

आणि कार्डं?