'सोंगाड्या' तुम्ही कुठे पाहिला? खान्देशकरांनो, लिहा!

'सोंगाड्या' हा मराठीतला सगळ्यात गोड चावट सिनेमा आहे, असं माझं ठाम मत आहे. १९७१ चा हा चित्रपट. निर्माते आणि नायक दादा कोंडके, लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. त्याआधी सबनीसांच्याच 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यानं दादांनी रंगमंच गाजवला होता. ती सवय पडद्यावरही दिसते. वाक्य टाकलं की हा माणूस समोरच्या हशाला जागा ठेवतो.

चावटपणा आहे, भरपूर आहे. पण यातला नायक नाम्या स्वतः चावट नाही, हीच तर या सिनेमाची गंमत! तो बोलून जातो, अर्थ आपल्याला लागतो, आणि तो आपला निरागस चेहऱ्यानं बघत राहतो. लोंबती नाडी, आईचा धाक, असा हा गडी एकदा तमाशाला जातो, तिथे नाचणाऱ्या कलावतीवर त्याचा जीव जडतो आणि आये त्याला घराबाहेर काढते. इतका वेळ हसणारे आपण इथे त्याच्या काळजीत पडतो. रत्नमालांची आये आणि उषा चव्हाणांची कलावती, दोघींना सिनेमात पूर्ण मान आहे. चावट विनोदात बाईची टिंगल करणं सगळ्यात सोपं असतं, आणि सबनीसांनी ते टाळलंय.

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून लिहा. थिएटर, तंबू, व्हिडिओ, मोबाइल, कशावरही पाहिलेला चालेल. फक्त कुणाबरोबर पाहिला ते नक्की सांगा. आलेल्या काही आठवणी खाली आहेत.

शिंदखेडा :
आमच्याकडे कानबाईची, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या उत्सवाची, रात्र म्हणजे जागरण. गाणी, फुगड्या, आणि व्हिडिओचे दिवस आले तेव्हा गल्लीत भाड्याचा व्हीसीआर. कानबाईसमोर कोणती कॅसेट लावायची यावर वाद झाला. पुरुष मंडळी म्हणाली, दादांचा सिनेमा बायकांत नको. माझी आजी म्हणाली, लावा, आम्हालाही कळतं काय ते! पुरुष ओट्यावर गेले आणि आम्ही बायकांनी अंगणात 'सोंगाड्या' पाहिला. नऊवारीतल्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या. सासू-सून एकाच वाक्याला एकत्र हसल्या, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नाम्याला आये घराबाहेर काढते तेव्हा मात्र आजी पडद्याशीच बोलायला लागली, "हाऊ पोऱ्या येडा नई शे वं, भोळा शे! कोनी तेनी मायले सांगा ना!" मागच्या बायकांनी तिला गप्प केलं नाही. त्याही तेच म्हणत होत्या.

भुसावळ :
रेल्वे क्वार्टरमधला माणूस. शेजारी तमिळ, बंगाली, उत्तर भारतीय. सगळ्यांना अर्थ समजावून सांगावा लागेल असं वाटलं होतं, पण एकाही विनोदाला समजावणं लागलं नाही. दादांचा चेहरा पुरला.

शहादा :
सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंती, तापीकाठची थंडी, घोड्यांचा बाजार आणि रात्री टुरिंग टॉकीजचा तंबू. वडील घोडे पाहायला आलेले, मी त्यांच्याबरोबर. जमिनीवर बैठक, अंगावर गोधडी. रीळ बदलायला थांबलं की लोक आधीचे संवाद एकमेकांना म्हणून दाखवायचे. आमची बोली अहिराणी-गुजरी, दादांची पुण्याकडची, तरी तंबूत एक वाक्य वाया गेलं नाही. वडील फार कडक. आम्ही त्यांच्यासमोर मोठ्यानं हसतसुद्धा नव्हतो. त्या रात्री ते डोळे पुसत हसत होते आणि मध्येच माझ्या मांडीवर थाप मारत होते. पुढे कधी घरात ताण झाला की मी नाम्याचं एखादं वाक्य पुटपुटायचो. वडील मान फिरवायचे, पण खांदे हलताना दिसायचे.

धुळे जिल्हा, गावाचं नाव नको :
माझे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. जत्रेत रात्रभर टाळ्या आणि सकाळी त्याच गावात विहिरीवर पाण्याला थांबवून ठेवायचं, हे त्यांनी भोगलेलं. त्यामुळे तमाशावरच्या सिनेमांवर त्यांचा राग असे. त्यात नाचणारी बाई एकतर घर मोडणारी, नाहीतर शेवटी मरणारी, असं ते म्हणत. 'सोंगाड्या' त्यांनी मन लावून पाहिला. नायक कलावतीला फडातून "वर काढायला" जात नाही, तो स्वतःच फडात उभा राहतो, सोंगाड्या होतो. आजोबांना हे फार मोठं वाटलं. "हसत हसत आम्हाला माणसात बसवलं यानं," असं ते पुढे कित्येकांना सांगत राहिले. ज्यांना या सिनेमात फक्त द्वयर्थी संवाद दिसतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, एकदा कलावतीकडे लक्ष देऊन पाहा.

नंदुरबार, सध्या पुणे :
मी पंचविशीतली. फोनवर पाहिला, हॉस्टेलमध्ये मैत्रिणींबरोबर. दादांचे नंतरचे काही सिनेमे मला इतके नाही आवडत, त्यात विनोद आधी ठरतो आणि गोष्ट त्याच्याभोवती गुंडाळली जाते. इथे गोष्ट आधी आहे. आईला रात्री फोन केला तर ती पुढचे संवाद पाठ म्हणायला लागली! मला माहीतच नव्हतं.

अमळनेर :
आमच्या गावाला साने गुरुजींचा मोठा अभिमान. प्रताप हायस्कुलात ते शिकवत. मी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलो आणि दादांचा सिनेमा पाहिला म्हणून शाखेतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला सुनावलं होतं. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, दादा सेवा दलाच्या कलापथकातलेच, आणि याच सिनेमात असलेले निळू फुलेही. गावोगाव जाऊन साध्या माणसाला हसवत जागं करायचं हे शिक्षण तिथलंच. दादरच्या एका थिएटरनं हिंदी सिनेमासाठी 'सोंगाड्या' बाजूला सारला तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सेवा दलाचं हे नातं मात्र कमी लोक सांगतात. आईच्या धाकात वाढलेला भोळा मुलगा आणि तिची कडक माया, हे तर गुरुजींच्या गावाला वेगळं शिकवायलाच नको. ते वडीलधारे पुढच्या रविवारी घरी आले आणि म्हणाले, "आहे का रे तुझ्याकडे तो सिनेमा? लाव." शेवटपर्यंत बसले, आणि जाताना कलावतीचं काम करणारी बाई कोण, असं विचारून गेले.