मृत्युपत्रातील ‘ॲब्सोल्यूटली’साठी मराठीत काय लिहावे?

प्रश्न:
माझ्या आत्याचे मृत्युपत्र इंग्रजीत असून घरातील ज्येष्ठांना वाचता यावे म्हणून मी त्याचा मराठी अनुवाद करीत आहे. यजमान हयात असेपर्यंत त्यांनी घरात राहावे आणि त्यांच्या पश्चात ते माझ्या थोरल्या बहिणीला ‘ॲब्सोल्यूटली’ मिळावे, असे त्यात म्हटले आहे. मी ‘पूर्णपणे’ लिहिले, तेव्हा काकांनी विचारले की, घर अर्धवटही मिळते का? त्यांची शंका मला रास्त वाटली. एरवी होकारासाठी उच्चारला जाणारा हा शब्द येथे नेमके काय सांगतो?

उत्तर:
या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘अब्सोल्वेरे’, म्हणजे सोडवणे, मोकळे करणे, या क्रियापदात आहे. जे कशालाही बांधलेले नाही ते ‘ॲब्सोल्यूट’, आणि पुढे त्यातूनच ‘काहीही उणे न ठेवता’ हा अर्थ आला. म्हणूनच इंग्रजीत हे क्रियाविशेषण टोकाचा अर्थ असलेल्या विशेषणांशी जुळते. ‘ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग’ सहज म्हणतात, पण ‘ॲब्सोल्यूटली कोल्ड’ खटकते, तेथे ‘व्हेरी’ लागते. आपले ‘अगदी’ दोन्हीकडे चालते, त्यामुळे मराठी माणसाची येथे हमखास गफलत होते. होकारार्थी एकट्या ‘ॲब्सोल्यूटली’ला ‘अगदी!’ हाच प्रतिशब्द शोभतो. नकार जोडला की मात्र ‘मुळीच नाही’ म्हणावे लागते.

दुसरे उत्तर:
मृत्युपत्रात मूळचा ‘मोकळे’ हाच अर्थ जिवंत आहे. तेथे प्रश्न घर किती मिळाले याचा नसून कोणत्या हक्काने मिळाले याचा आहे. आपल्या आत्यांच्या यजमानांना हयातीपुरता हक्क आहे. बहिणीचा हक्क मात्र तसा मर्यादित नाही, ती घर विकू शकेल किंवा कोणाला देऊही शकेल. या शब्दाचे वजन भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम १३८ मध्ये दिसते: एखाद्याला रक्कम ‘ॲब्सोल्यूटली’ दिली आणि ती अमुक रीतीने वापरावी असे मृत्युपत्रातच सांगितले, तरी ती सूचना जणू नव्हतीच असे मानून त्याला ती रक्कम घेता येते. ‘पूर्णपणे’मध्ये हे उतरत नाही. ‘पूर्ण मालकी हक्काने, बिनशर्त’ असे लिहावे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. आता वाक्य असे केले आहे: ‘त्यांच्या पश्चात हे घर माझ्या भाचीला पूर्ण मालकी हक्काने व बिनशर्त मिळावे.’ काकांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी काहीच विचारले नाही.