चिलिकाला जायलोय: सातपाडा की मंगलाजोडी?

मांजराकाठ (लातूर)
जानेवारीत आई-बाबांना घेऊन पुरीला जायलोय. बाबांना पाखरांचा भारी नाद, रोहित (फ्लेमिंगो) बघायला उजनी गाठतात. टूरवाला म्हणतो सातपाड्याहून चिलिका सरोवर दाखवतो, डॉल्फिनही दिसतील. पण पाखरं सरोवरातल्या नलबण बेटावर असतात असं ऐकलंय. तिथं उतरता येतं का? बाबांचा गुडघा दुखतो, तेवढं धरून सांगा.

नाथसागरकाठ (पैठण)
दादा, पाखरांसाठी जायचं तर मंगलाजोडीच. सातपाडा समुद्राच्या बाजूला आहे. इरावदी डॉल्फिन तिथं दिसतात, पण सगळ्या होड्या मोटारीच्या, पाखरं लांबच राहतात. मंगलाजोडी गाव उत्तरेच्या अंगाला. तिकडून महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, त्यामुळं उथळ पाणी आणि लव्हाळंच लव्हाळं.

होडी सपाट, लाकडी. नावाडी बांबूनं रेटत नेतो, इंजिनाचा आवाज नाही, म्हणून शेकाटे, मालगुजे अशी पाणपाखरं जागची हलत नाहीत. एक जांभळी पाणकोंबडी तर अगदी होडीशेजारी होती. तिनं कोंब चोचीनं उपटला, पायाच्या लांब बोटांत धरून वर घेतला, वरचं साल सोलून टाकलं आणि आतला पांढरा गाभा तेवढा खाल्ला. मग लगेच दुसरा कोंब. आमचा नावाडी पूर्वी हीच पाखरं मारून विकायचा. गावातल्या पुष्कळांनी शिकार सोडली आणि आता तेच राखण करतात, पाहुण्यांना फिरवतात. लव्हाळ्यात कोण ओरडलं ते तो न बघता सांगायचा.

नलबणला उतरता येत नाही. १९८७ पासून ते अभयारण्य आहे, लांबूनच बघायचं. पावसाळ्यात बेट पाण्याखाली असतं, पुढं पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, कंद खायला थवे उतरतात. पट्टकादंब हंसांना इथंच चरून अंगात चरबी साठवायची असते, परत जाताना हिमालय ओलांडायचा असतो. फोटोसाठी त्यांना उठवू नका, कुणी उठवत असेल तर त्यालाही अडवा. आमच्या नाथसागरावर लोक थव्यात होडी घालतात, ते बघून पोटात तुटतं.

गुडघ्याचं म्हणाल तर होडीत बसायला खालीच असतं. आधी फोन करून बाबांसाठी खुर्ची ठेवायला सांगा.

बालाघाट (धाराशिव)
रेल्वेचं सांगतो. सोलापूरहून कोणार्क एक्स्प्रेस धरा, खुर्दा रोडला उतरा. आधी मंगलाजोडी करून मग पुरी. पुरीहून पहाटे निघून पोचेपर्यंत ऊन चढतं, त्यापेक्षा गावातच मुक्काम करा.

पण सातपाडाही अगदी सोडू नका. तिकडं गाळानं सरोवराचं समुद्राकडचं तोंड बुजत चाललं होतं, पाणी गोडं होऊन मासळी घटली होती. २००० साली नवं मुख खोदलं, खारं पाणी परत आत आलं आणि मासळी वाढली. एवढं मोठं सरोवर माणसानं सावरलं, हे बाबांना आवर्जून सांगा.

मांजराकाठ (लातूर)
दोघांचेही आभार. टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. बाबा दुर्बीण घ्या म्हणायलेत, कोणती घ्यावी?

नाथसागरकाठ (पैठण)
८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. जास्त ताकदीची घेतली तर हलत्या होडीत चित्र थरथरतं. आणि सकाळी पाण्यावर गारठा असतो, बाबांना कानटोपी न्या.