वाळू हवी, पण वाटेवर नको

समुद्रकाठच्या गावात दिव्यांग मुलांनाही खेळता येईल असं मैदान कसं करावं, या प्रश्नावर वर कुणीतरी मैदानभर समुद्राची वाळू पसरायला सुचवलंय. हात घालायला वाळू झकासच, पण व्हीलचेअरची चाकं त्यात रुततात. त्यापेक्षा टेबलासारखा उंच वाळूचा हौद करा, खाली गुडघे जातील एवढी पोकळी सोडून. वाटेचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जांभ्या दगडाचा खरखरीत स्पर्श मुलांना आवडतो, फक्त पायवाटेवर तो नको, पावसाळ्यात शेवाळतो.

खाऱ्या वाऱ्याने झोपाळ्याच्या साखळ्या गंजून करकरतात. माझा स्वमग्न भाचा त्या आवाजाने कान झाकून पळतो. तोच पोरगा पागोळीखाली हात धरून अर्धा तास उभा! तेव्हा अशा मुलांसाठी एक शांत कोपरा ठेवा नि त्यावर कौलं घाला, पन्हळ मात्र लावू नका, म्हणजे पागोळ्या पडत राहतील.