शनिवारी क्लब हाऊस मिळेल का?

तन्वी (सी-४०१): नमस्कार. आम्ही कॉलेजमधले सहा जण, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नाक्यापलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलांना दर शनिवारी दुपारी ३ ते ५ विज्ञान शिकवायचं ठरवलंय. शाळेत दुपारी वीज नसते, म्हणून क्लब हाऊस मिळेल का? पहिल्या दिवशी रोबोट दाखवायचा विचार आहे.

सेक्रेटरी: कमिटीची हरकत नाही. मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची लेखी परवानगी आणा. सोसायटीतलं एक मोठं माणूस पूर्ण वेळ हजर हवं.

बी-२०२: चांगलं आहे, पण एक विचारते. माझा आठवीत आहे. आठवीत परीक्षा देऊन केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्याचा सराव घेतलात तर मुलांना जास्त उपयोग नाही का होणार?

माई (ए-१०४): तुझं बरोबर आहे गो. गरिबाच्या घरात १२,००० म्हणजे वर्षाची वह्या-पुस्तकं, एसटीचा पास. सराव मी घेते, बुधवारी संध्याकाळी, माझ्याच घरी. तुझ्या मुलालाही पाठव. शनिवार मात्र ह्या पोरांना राहू दे.

तन्वी, मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून हक्काने सांगते. पहिल्या दिवशी रोबोट नको. माझ्या शाळेत एकदा अशीच कॉलेजची मुलं आली होती. मोठं किट, टाळ्या, फोटो. मुलांनी हातही लावला नाही, तुटेल म्हणून. पुढच्या शनिवारी चौदा मुलं डबे घेऊन व्हरांड्यात साडेबारापर्यंत बसून होती. कोणी आलं नाही. एक मुलगी मला तीनदा विचारून गेली, बाई, आज येणार ना? ते माझ्या डोक्यातून जात नाही.

काड्यापेट्या घ्या आणि सायकलवाल्याकडून व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. काड्यांचा गूल आधी तुम्हीच खरवडून टाका. ट्यूबचे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे करून त्यात काड्या खोचायच्या. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथे गावच्या बाजारात मिळेल त्यातून हे खेळणं केलं. चार काड्यांचा चौकोन करा, बोटाने ढकला, कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही ढकला, हलत नाही. मूल हे स्वतः करून बघतं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. आणि ते घरी नेता येतं.

ए-३०१ काका: माई, आमच्या धंद्यातलीच गोष्ट सांगितलीत. कौलारू घराची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा लाकडी सांगाडा, त्रिकोणीच का असते? वरून कौलांचं वजन आणि पावसाळ्यातला वारा, दोन्ही ती झेलते. माझ्या कारखान्यात एक जुनी सागवानी कैची उतरवून ठेवलीय. मुलांना घेऊन या, सांधे दाखवतो. ह्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरावर कौलंच असतील, घरी जाऊन मान वर केली की दिसेल.

तन्वी: काका, नक्की येऊ. माई, रोबोट बाजूला ठेवला. आम्हा सहा जणांचं वेळापत्रक असं लावते, की परीक्षेच्या आठवड्यातही दोघं तरी येतीलच. ते लिहून शाळेच्या फळ्यावर लावू.

माई: हेच हवं होतं मला. पूर्ण वेळ मी बसते, सेक्रेटरीसाहेब, नाव लिहा माझं.

नाना (सी-१०१): मीही काही शिकवू का? मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर न्या मुलांना. भरतीचं गणित बापाने मला होडीत शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पक्ष कुठलाही असो.

तन्वी: नाना, हे पुस्तकाशी जुळतं! चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि तुमच्या हिशेबात दर तिथीला पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं.

नाना: तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. तो किती, तेच मुलांना मोजू दे. जेटीजवळ काठी रोवून दर पंधरा मिनिटांनी खूण करायची. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी किती चढतं नि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, किती, हे दोन वेगळ्या रविवारी मोजलं की मुलं आपणहून विचारतील, असं का.

बी-२०२: तिथली काळी वाळू पण दाखवा. आम्ही लहानपणी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवायचो, काळे कण दाढीसारखे चिकटायचे. माझ्या मुलालाही आणते.

सेक्रेटरी: पाण्यात कोणी उतरायचं नाही. दर पाच मुलांमागे एक मोठा.

तन्वी: हो, सेक्रेटरीकाका. नाना, येत्या रविवारी तिथी कुठली?

नाना: षष्ठी. साडेचार पहाटेची भरती, म्हणजे सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. साडेनवाला गेटवर जमा. काठ्या मी आणतो.