डोहाळजेवण आणि ‘अर्धा पेला’ : एक आक्षेप

विश्रामबागची वाचक
परवा येथे एका गृहस्थांनी लिहिले की, पत्नीच्या डोहाळजेवणाच्या रात्री घरच्या तरुण मंडळींनी वाइन उघडली, तिनेही अर्धा पेला घेतला आणि काहीही बिघडले नाही. वाइन हा द्राक्षांचाच रस असून युरोपातील बायका गरोदरपणी ती सर्रास घेतात, तेव्हा म्हाताऱ्यांनी उगाच बाऊ करू नये, असेही त्यांचे म्हणणे. त्यांच्या घरात कोणी काय प्यावे यात मला नाक खुपसायचे नाही, पण त्याखाली शाबासक्यांची रांग लागलेली पाहून उत्तर देणे भाग पडले. ज्या युरोपचा दाखला दिला गेला, त्यातील फ्रान्समध्येच नांत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लमवान यांनी १९६८ साली मद्यपी पालकांच्या मुलांमधील व्यंगांची नोंद केली. १९७३ साली अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी त्या लक्षणसमूहाला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे आज रूढ असलेले नाव दिले. आणि त्याच फ्रान्समध्ये २००७ पासून मद्याच्या बाटलीवर गर्भवतीसाठी इशारा असावाच लागतो. ब्रिटननेही २०१६ साली जुना सैल सल्ला मोडीत काढून ‘अजिबात नको’ असे सांगितले. आईच्या रक्तातील मद्यार्क वारेतून थेट बाळाकडे जातो, तो पचवण्याइतके बाळाचे यकृत तयार नसते, गर्भजलातही तो रेंगाळतो, आणि मेंदूची घडण पूर्ण नऊ महिने चालू असल्याने ‘सातवा लागला, आता धोका टळला’ असे म्हणायला जागा उरत नाही. काही बिघडले नाही हे या गृहस्थांना कळले कसे? बाळ अजून जन्मायचे आहे.

पलूसचा बागायतदार
ताई, आपल्या व्यासंगाला नमस्कार, पण दर वेळी झोडपायला वाइनच का सापडते? २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही असाच गहजब झाला होता. गावाच्या वेशीवरच्या देशी दारूच्या दुकानाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. अवकाळीने मणी तडकले आणि बेदाण्याला भाव मिळाला नाही, तर आम्ही कोणाच्या दारात जायचे? शिवाय डेन्मार्कमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, थोडे पिणाऱ्या मातांच्या पाच वर्षांच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. ते आपण सोयीस्कर गाळलेत.

मिरजेची निवृत्त परिचारिका
बेदाण्याचा भाव आणि बाळाचा मेंदू एका तागडीत घालू नका, दादा. त्या डॅनिश संशोधकांनीही न पिणे हाच सर्वांत सुरक्षित सल्ला असल्याचे म्हटले आहे. आणि अभ्यासात लक्ष न लागणे, गणित न जमणे, रागावर ताबा नसणे हे दोष पुष्कळदा मूल शाळेत रुळल्यावरच ध्यानात येतात. आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे. नोंदणीच्या टेबलाशी सुनेबरोबर सासू पदर सावरून उभी असायची, आणि दारूचा प्रश्न माझ्या तोंडून पुरता बाहेर पडण्याआधीच ‘आमच्यात तसलं काही नसतं, बाई’ असे उत्तर यायचे. एकदा अशाच एका सासूबाईंच्या पिशवीतून मिश्रीची डबी आणि दशमूलारिष्टाची अर्धी बाटली निघाली. सुनेला अंगात ताकद यावी म्हणून सातव्या महिन्यापासून ते चालू होते. त्या लेबलवर स्वयंजनित अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते, ते किती घरांत वाचले जाते?

सातारचे वैद्य
विषय वाइनचा, आणि चिखलफेक आयुर्वेदावर! दशमूलारिष्ट हे बाळंतिणीचे औषध आहे, गर्भिणीचे नव्हे. कोणा सासूबाईंनी दुकानातून परस्पर आणून पाजले, त्याचा जाब शास्त्राला विचारू नये. धायटीची फुले आणि गूळ घालून काढा मुरवला की त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो, आणि त्यामुळेच औषध टिकते. त्याला दारूच्या पंगतीला बसवणे हे अज्ञान नसेल तर खोडसाळपणा आहे.

कऱ्हाडचा हिशेबी
वैद्यराज, बाळाच्या यकृताला आपला हेतू कळत नाही. अरिष्टात आठ टक्के मद्यार्क धरला, तर दिवसातून दोनदा तीस मिलीलिटर म्हणजे सुमारे पाच मिलीलिटर शुद्ध मद्यार्क होतो. बारा टक्क्यांच्या वाइनच्या दीडशे मिलीलिटरच्या पेल्यात तो अठरा असतो. म्हणजे चार दिवसांत एक पेला भरतो. एकाच बैठकीत भरपूर पिणे अधिक घातक, हे खरे. पण त्यामुळे थोडे थोडे घेणे निर्धोक ठरत नाही. आणि बिअर सौम्य असते म्हणणाऱ्यांनी पाच टक्क्यांच्या साडेसहाशे मिलीलिटरच्या बाटलीचा हिशेब स्वतः करून पाहावा.

सातारचे वैद्य
आकडेमोड करणाऱ्याने आधी नाडी धरायला शिकावे. बाळंतिणीलाही हे औषध देऊ नये, असे आपले म्हणणे आहे काय?

मिरजेची निवृत्त परिचारिका
तसे कोणी म्हटलेले नाही. अंगावरच्या दुधात मद्यार्काचे प्रमाण जवळजवळ आईच्या रक्ताइतकेच असते, म्हणून द्यायचेच असेल तर बाळाला पाजून झाल्यावर आणि वैद्याला विचारून द्यावे, इतकेच. हे सांगण्यासाठी नाडी धरावी लागत नाही.

सातारचे वैद्य
गर्भिणीने स्वतःच्या मनाने कोणतेही आसव-अरिष्ट घेऊ नये, एवढे मला मान्य आहे. ते मी रोज सांगतो. आपल्याकडून शिकण्याची गरज नव्हती.

सांगलीवाडीची सून
आपण सर्वजण बाईच्या पेल्यात डोकावत आहात, म्हणून लिहिते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील १.३ टक्के महिला आणि १८.८ टक्के पुरुष दारू पितात असे आढळले. माझी नणंद आयुष्यात एक थेंब न पिता पाचव्या महिन्यात दवाखान्यात दाखल झाली, कारण पिऊन आलेल्या नवऱ्याने तिला उंबऱ्यावरून ढकलले होते. तिच्या गर्भाला झालेल्या दारूच्या त्रासाची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे परिचारिकाबाईंनी सांगावे. डोहाळजेवणाला बाटली घेऊन येणारे भाऊ आणि दीर तरी नऊ महिने थांबतात का?

मिरजेची निवृत्त परिचारिका
असा रकाना नसतो, बाळा, आणि तो असायला हवा. मात्र येथे वाचणाऱ्या एखादीने दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी घेतलेली असेल, तर तिने घाबरून लपवू नये. आज थांबावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण थांबल्याचा उपयोग कोणत्याही महिन्यात होतोच. जिला रोजची सवय आहे, तिने मात्र एका रात्रीत आपल्या आपण बंद करू नये, कारण अंगाला झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे लागते.

विश्रामबागची वाचक
बागायतदार दादा, आपल्याकडच्या बाटलीवर गाडी न चालवण्याचा इशारा असतो, पण गर्भवतीसाठी फ्रान्ससारखे सक्तीचे चिन्ह नसते. ते छापायला आपली हरकत आहे का?

पलूसचा बागायतदार
खुशाल छापा. फक्त आधी देशीच्या बाटलीवर, मग बिअरच्या, मग वैद्यराजांच्या त्या अरिष्टाच्या बाटलीवर, आणि सर्वांत शेवटी आमच्या वाइनवर. आणि पुढच्या डोहाळजेवणाला मला बोलवा. द्राक्षांची पेटी घेऊन येतो, भाव मात्र बाजारापेक्षा दोन रुपये जास्त लावीन.