शब्दचर्चा: ‘बंद केलंय की!’ म्हणजे नक्की काय केलं?

कोल्हापुरात राजारामपुरीत दर रविवारी सकाळी मी आठ-दहा मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. बहुतेक सगळी डिप्लोमाची. गेल्या रविवारी फोर्क (चालू प्रोग्रॅमची, म्हणजे प्रोसेसची, नक्कल काढणं; मूळ ती पालक, नक्कल ते पोरगं) आणि पाईप (एका प्रोसेसनं लिहिलेलं दुसरीला वाचता येईल अशी वाट) चालू होतं. एकाचा प्रोग्रॅम अडकून बसला. पोरगं-प्रोसेसनं पाईपमध्ये चार ओळी लिहिल्या आणि ती संपून गेली. पालक-प्रोसेसनं चारही ओळी वाचल्या आणि पाचवीची वाट बघत तशीच उभी राहिली. मी विचारलं, "लिहायचं टोक बंद केलंस का?" तो म्हणाला, "मॅडम, केलंय की बंद! हे बघा." त्यानं बोट ठेवलं तिथं क्लोज (बंद करायची आज्ञा) होतं, पण ते पोरग्याच्या भागात. पालकाच्या भागात नव्हतं.

त्याला ते पटेपर्यंत वीस मिनिटं गेली. घरी आल्यावर विचार केला तेव्हा वाटलं, चूक त्याची नव्हती. मी वापरलेला शब्द चुकीचा होता. मराठीत नळ बंद केला की बंद. दार आतून लावा, बाहेरून लावा, दार बंदच. मग पोरग्यानं टोक बंद केल्यावर पालकाला ते परत कशाला बंद करायला लागेल? त्याचं म्हणणं मराठीच्या हिशेबानं बरोबरच होतं.

पण क्लोज टोक बंद करत नाही. पाईप ही सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलकडं (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडं) केलेली मागणी, आपल्याला दोन आकडे देते, एक वाचायचा, एक लिहायचा. फोर्क झाल्यावर तेच दोन आकडे पोरग्याकडंही जातात, म्हणजे एकूण चार झाले. क्लोज त्यातला फक्त आपल्याकडचा एक परत देते. लिहायच्या टोकाचा शेवटचा आकडा परत जाईपर्यंत वाचणाऱ्याला ‘संपलं’ हे कळत नाही. आमच्या गड्याच्या प्रोग्रॅममध्ये तो शेवटचा आकडा खुद्द वाचणाऱ्या पालकाकडंच होता. स्वतःच कधीतरी लिहील या आशेवर तो स्वतःचीच वाट बघत होता.

या आकड्याला इंग्रजीत फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. त्याला छापील पुस्तकी प्रतिशब्द करायचा तर ‘वर्णक’ होईल. मला तो मान्य नाही, कारण तो आकडा कशाचंही वर्णन करत नाही. अंबाबाईच्या देवळाबाहेर पायताणं ठेवली की हातात नंबराचा बिल्ला मिळतो, तसा आहे तो. बिल्ल्यावरच्या ५ वरून आत कोल्हापुरी आहे का बूट हे कळत नाही. पलीकडच्या स्टँडवरही ५ नंबर असतो, पण तिथं पायताण दुसऱ्याचं. तसंच एका प्रोसेसमधल्या ५ चा दुसऱ्या प्रोसेसमधल्या ५ शी आपोआप काही संबंध नसतो. आणि नवीन माणूस आला की सगळ्यात अलीकडचा रिकामा कप्पा मिळतो, तसा इथंही सगळ्यात लहान मोकळा आकडा मिळतो. ०, १, २ हे तीन आधीच दिलेले असतात, म्हणून साध्या प्रोग्रॅममध्ये पाईपचे आकडे बहुतेक वेळा ३ आणि ४ येतात. ० परत देऊन लगेच फाईल उघडली तर तिला ० मिळतो. शेलमधला (टाईप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) आउटपुट वळवायचा सगळा खेळ असल्याच अदलाबदलीवर चालतो.

म्हणून माझा प्रस्ताव: डिस्क्रिप्टरला बिल्ला म्हणायचं, आणि क्लोजला ‘बिल्ला परत देणे’. टोकन हा शब्द आधी डोक्यात आला होता, पण कंपायलर शिकताना तो वेगळ्या अर्थानं भेटतो, म्हणून सोडला.

आता तुमचं मत हवंय. पाईप, सिग्नल (कर्नलमार्फत प्रोसेसला मिळणारी सूचना) आणि ‘ब्रोकन पाईप’ हे तुम्ही मराठीत कसं सांगता?

प्रतिसाद

ताई, बिल्ला झकास. मी कागलकडचा. दिवसा कंपनीत सर्व्हरचं काम, आणि सुट्टीला गावी उसाला पाणी पाजणं. दोन्हीकडं पाईपच, म्हणून बोलतो.

‘ब्रोकन पाईप’ला ‘पाईप फुटली’ कधीच म्हणू नका. आमच्याकडं पाईप फुटली म्हणजे मध्येच कुठंतरी पाणी उडतंय आणि रान भिजतंय. प्रोग्रॅममध्ये असलं काही होत नाही. तिथं एवढंच होतं की वाचणाऱ्या बाजूचे सगळे बिल्ले परत गेलेत आणि हा अजून लिहायला बघतोय. घेणाराच उठून गेला. मग कर्नल सिगपाईप नावाचा सिग्नल पाठवतो, आणि तो कुणी झेलला नाही तर प्रोसेस तिथंच मरते. सिगपाईप कानाआड केला असेल तर राईट (लिहायची आज्ञा) उणे एक परत देते आणि एररमध्ये ‘ब्रोकन पाईप’ दिसतं. आम्ही टीममध्ये ‘घेणारा गेला’ म्हणतो. नवीन पोरांना लगेच कळतं. लॉगमध्ये ते बघून पाईप कुठं फुटली हे शोधत एक पोरगा अर्धा दिवस बसला होता, तेव्हापासून म्हणतो.

घेणारा आहे पण घेत नाही, हे वेगळं. मोटर चालू आणि पलीकडचा कॉक बंद, तसं. लिनक्सवर पाईपमध्ये साधारण ६५,५३६ बाइट मावतात, तेवढे भरले की लिहिणारा थांबतो. याला ‘तुंबणे’ म्हणावं. फरक इतकाच की पाटाचं पाणी तुंबलं की सांडतं, आणि हे सांडत नाही, लिहिणाऱ्यालाच मागं थांबवून धरतं. तुंबून मागं थटतं म्हणा.

आणखी एक, पाण्याची उपमा एका ठिकाणी फार नेमकी बसते. पाटात दोन बादल्या ओतल्या तर खाली दोन बादल्या म्हणून येत नाहीत, पाणी म्हणून येतं. पाईपमध्येही दोनदा लिहिलेलं पलीकडं एकदाच वाचलं जाऊ शकतं. कुठला संदेश कुठं संपला ते आपण ठरवायचं. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती चाचणीत कधीच सापडली नाही, लोड वाढल्यावर सापडली.

प्रतिसाद

मी मराठी शिकवत असे, संगणकातलं मला कळत नाही. मुलीनं ही चर्चा दाखवली. ‘सिग्नल’बद्दल थोडं लिहिते.

बरेच जण संकेत म्हणतात. पण संकेत म्हणजे दोघांनी आधी ठरवलेली गोष्ट. तुमच्या क्षेत्रात संकेतस्थळ आणि संकेतशब्द आल्यामुळे तो शब्द आधीच थकला आहे. इशारा हा अरबीतून आलेला शब्द वेगळा आहे. त्यात ठरलेलं काही नसलं तरी चालतं, आणि पुढं काय होईल याची सूचना असते. आपल्या कोल्हापूरकरांना तर हा शब्द शिकवायलाच नको. जुलै-ऑगस्टमध्ये घराघरात एकच विचारणा असते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ ला नदीकाठची माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. इशारा मिळाल्यावर काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

मुलीला विचारलं, तुमच्या सगळ्या सिग्नलांना हे लागू पडतं का? ती म्हणाली, सिगटर्मला पडतं: आवराआवर कर, आता निघायचं आहे. सिगकिलला, म्हणजे प्रोसेस मारून टाकणाऱ्या सिग्नलला, पडत नाही, कारण तो प्रोसेसला झेलता येत नाही, थोपवता येत नाही, कानाआडही करता येत नाही. मग माझ्या मते त्याला इशारा म्हणू नये. जे ऐकणाऱ्याच्या कानावरच पडत नाही तो इशारा कसला? तो कर्नलला दिलेला हुकूम झाला.

आणि तिनं सांगितलं की सिगयूझर-एक नावाचा एक सिग्नल असतो, त्याचा अर्थ प्रोग्रॅम लिहिणारेच ठरवतात. तो मात्र खराखुरा संकेत!

प्रतिसाद

मुलाखतीत इंग्रजीच विचारतात. पोरांना दोन-दोन शब्द लक्षात ठेवायला लावू नका.

पुन्हा मी

शेवटच्या प्रतिसादाला आधी उत्तर देते, कारण काळजी रास्त आहे. पाईप, सिग्नल, फोर्क ही नावं मी बदलणार नाही. काळम्मावाडी धरणातून शहराला येणाऱ्या पाण्याबद्दल बोलताना आपण इतकी वर्षं ‘थेट पाईपलाईन’च म्हणतोय, वर्तमानपत्रात जलवाहिनी छापून येत असली तरी. पाईप मराठीच झालाय, किंवा झालीय. आमच्या घरात ती पाईप, सासरी तो पाईप. मी जपायला म्हणतेय ती क्रियापदं. माझा विद्यार्थी पाईप या नामाला अडला नव्हता, ‘बंद करणे’ या क्रियापदाला अडला होता. मुलाखतीत तो क्लोजच म्हणेल, पण डोक्यात ‘परत देणे’ असेल तर उत्तर चुकणार नाही.

इंग्रजीत एकाच क्रियापदावर किती ओझं आहे बघा. रीड (वाचायची आज्ञा) ब्लॉक होते, राईट ब्लॉक होते आणि सिग्नलही ब्लॉक करतात. तिन्ही वेगळ्या गोष्टी. मराठीत तीन शब्द आपल्या तोंडात आधीच आहेत. वाचणारा खोळंबतो. लिहिणारा तुंबतो, हे कागलच्या दादांचं. आणि सिग्नल आपण थोपवतो, पूर थोपवतात तसा. थोपवलेला सिग्नल नाहीसा होत नाही, वाट मोकळी झाली की येतो. कानाआड केलेला मात्र गेलाच. मुलं या दोन्हींत कायम गोंधळतात. गेल्या वर्षी मी दोन्हीला ‘अडवणे’ म्हणत होते, आता नाही म्हणणार.

थोपवण्यातली आणखी एक बारीक गोष्ट. सिगचाइल्ड (पोरगं-प्रोसेस संपल्याचा सिग्नल) थोपवून धरला असताना पाच पोरगी-प्रोसेस संपल्या तर नंतर पाच सिग्नल येत नाहीत, एकच येतो. साधे सिग्नल रांग लावत नाहीत. इशारा झालं एवढं सांगतो, किती वेळा झालं ते सांगत नाही. म्हणून हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या भागात) एकदा वेटपिड (संपलेल्या पोरग्याची नोंद घेणं) करून भागत नाही, कुणी उरलं नाही असं कळेपर्यंत फिरून फिरून करावं लागतं. बाईंनी सांगितलेला इशारा इथं अगदी तंतोतंत बसतो. आणि सिगकिलला ‘हुकूम’ हे तर मी उद्यापासूनच वापरणार.

‘कॅच’ला पकडणे म्हणू नये असं मला वाटतं. पकडायला आपण मागं धावतो. सिग्नल आपल्या अंगावर येतो, आपण भलत्याच कामात असताना, म्हणून झेलणे. हँडलरमध्ये प्रिंटएफ (पडद्यावर छापायची आज्ञा) का वापरायचं नाही हे मी मुलांना भाकरीवरून सांगते. तुम्ही भाकरी थापताय, हात पिठाचे, आणि दाराची कडी वाजली. आतूनच "आले" म्हणा आणि भाकरी तव्यावर टाकून मग उठा. त्याच हातानं डबे उघडायला गेलात तर भाकरीही मोडते आणि डबेही खराब होतात. प्रिंटएफचा बफर (छापायचा मजकूर तात्पुरता साठवायची जागा) अर्धा भरलेला असताना सिग्नल आला आणि हँडलरनंही प्रिंटएफ केलं, तर अर्ध्या थापलेल्या भाकरीला पुन्हा हात लागतो. हँडलरनं एक खूण करून ठेवावी किंवा राईटनं पाईपमध्ये एक बाइट टाकावा, आणि मुख्य कामानं सवडीनं तो वाचावा. ही पाईपची युक्ती मला फार आवडते. कधीही येणारा इशारा रांगेनं वाचता येणारा होतो.

पाण्याच्या उपमेबद्दल दादांना एक सांगते, ती आपण वरून चिकटवलेली नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डग मॅकिलरॉय यांनी टिपण लिहिलं, त्यात प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता यावेत अशी कल्पना होती, गरज पडली की आणखी एक तुकडा जोडायचा. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आणलं. म्हणजे तुमच्या रानातले जोड आणि त्यांचे जोड एकाच कल्पनेतले.

वाचणाऱ्याला शेवट कळतो त्याला मी आता ‘पाईप आटली’ म्हणणार आहे. सगळे लिहिणारे गेले, उरलेलं वाचून झालं, आता येणार काही नाही. विहीर आटली तसं. खोळंबणं आणि आटणं यांतला फरक त्या मुलाला तेव्हा हवा होता. खोळंबलेल्या रीडला पुढं काहीतरी येईल अशी आशा असते, आटलेली रीड लगेच शून्य परत देते.

फोर्कसाठी एका विद्यार्थिनीनं ‘फाटा’ सुचवलाय. रस्त्याचा फाटा, कालव्याचा फाटा. मला आवडला, पण फाट्यावर दोन्ही वाटा निराळ्या होतात आणि इथं तर दोघांकडं तेच बिल्ले राहतात, म्हणून अजून मन घेत नाही. सुचलं तर सांगा.

त्या मुलानं काल प्रोग्रॅम दुरुस्त करून पाठवला. पालकाच्या भागात, रीडच्या आधी, एक नवीन ओळ आहे आणि तिच्यापुढं त्यानं मराठीत टीप लिहिली आहे: ‘माझ्याकडचा लिहायचा बिल्ला परत. मी फक्त वाचणार.’